धक्क्यापर्यंतचे साडेचार किलोमीटर : खडीच्या रेकविषयी खुलं पत्र

प्रति,
रेल्वेच्या मालवाहतुकीचा कारभार पाहणारे अधिकारी,
गौण खनिज आणि वाहनतपासणी पाहणारे जिल्ह्यातले अधिकारी,
आणि खडीचा ठेका घेतलेली मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी रेल्वेत कीमन होतो. शहरातल्या वाचकांना हे पद ठाऊक नसेल म्हणून सांगतो. रोज पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन ठरलेला टप्पा पायी चालायचा. निसटलेल्या क्लिपा ठोकून बसवायच्या, सांध्यांचे बोल्ट आवळायचे, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी घेऊन गाडीच्या तोंडाला धावायचं. चोवीस वर्षं हेच केलं. एवढ्या काळात पायाखाली खडीशिवाय दुसरं काही नव्हतं, टाचांना अजून तिचे घट्टे आहेत. तेव्हा खडीशी माझं वैर आहे असा कुणी समज करून घेऊ नये. रेल्वेशी तर नाहीच नाही. माझी पेन्शन तिथूनच येते.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, पनवेल आणि विन्हेरे यांच्या मध्ये कुठेतरी. गावाचं आणि स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एका माणसाची बदली होते, एका डंपरला दंड होतो आणि विषय मिटला म्हणून फाईल बंद होते. मला फाईल बंद करायची नाही. शिवाय हे पत्र वाचून आणखी दोन-चार गावं म्हणतील की हे आमच्याचबद्दल लिहिलंय, आणि ती खोटं बोलत नसतील.

गेल्या दिवाळीपासून आमच्या मालधक्क्यावरून खडीचे रेक भरले जाऊ लागले. रेक म्हणजे वाघिणींची, मालडब्यांची, अख्खी गाडी. आता ते वाढवायचं ठरलंय. धक्क्यावर मोठे दिवे बसवून रात्रीचं लोडिंग कायमचं करणार, असं कळलं. कळलं म्हणजे दिव्यांचे खांब येऊन पडले तेव्हा कळलं. गावाला कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी ज्यात आपलं एकमत आहे ते सांगून टाकतो, म्हणजे वाद नको तिथे होणार नाही.

खडी रेल्वेनेच जावी. काँक्रिटला काळाच दगड लागतो. जांभ्याचा चिरा भिंतीला उत्तम, पण त्याची खडी होत नाही. मुंबईच्या अंगाला गेली काही वर्षं काळ्या दगडाची भूक केवढी वाढलीय ते आम्ही रोज बघतो. अटल सेतू झाला, पनवेलकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, महामार्गाचं काँक्रीट तर संपता संपत नाही. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता डंपर चालवतात. अशा रस्त्यावर आणखी खडीचे डंपर घालण्यापेक्षा एका इंजिनामागे ५८ वाघिणी जोडून माल नेणं कधीही शहाणपणाचं. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक किती हलकं चालतं ते मी हाताने ट्रॉली ढकलून पाहिलंय. चार माणसांची ट्रॉली एक माणूस ढकलतो.

रस्त्याचं ओझं रेल्वेने उचलायचं, ही आम्हा रायगडकरांना नवी गोष्ट नाही. १९९९ साली कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात झाली, तेव्हा आम्ही गडी माणसं सुट्टी टाकून ते बघायला गेलो होतो. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून गाडीने चालला, याचं तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं! खडीचंही तेच. झारखंडात पाकूरला आपल्यासारखाच काळा दगड निघतो, त्याची खडी वर्षानुवर्षं रेल्वेने बिहार-बंगालात जाते. विलायतेत मेंडिपच्या डोंगरातून लंडनला चार-चार हजार टनांच्या गाड्या जातात. तिथल्या एका खाणवाल्याने तर १९८६ साली स्वतःची इंजिनं विकत घेतली. पण तिथे रूळ थेट खाणीत गेलेत. दगड फुटतो तिथेच वाघिणीत पडतो.

आमचं घोडं नेमकं इथे अडतं. खाण आणि धक्का यांच्यामध्ये साडेचार किलोमीटर रस्ता आहे, आणि त्या साडेचार किलोमीटरमध्ये आम्ही राहतो.

बातमीत छापून आलं होतं की एक रेक गेला की रस्त्यावरचे दोनशे ट्रक कमी होतात. खरं आहे. पण ते दोनशे ट्रक हवेत विरत नाहीत, साहेब. महामार्गावरून कमी होतात आणि आमच्या आळीतून जातात. पूर्वी ते तीन-चार रस्त्यांनी पांगायचे. आता सगळे एकाच वाटेने, एकाच धक्क्यावर, एकाच रात्री.

हा रस्ता ग्रामसडक योजनेतला. पावणेचार मीटर रुंदीचा. बैलगाडी, रिक्षा, टेम्पो, दिवसातून चार वेळा एसटी, एवढ्यासाठी बांधलेला. डंपर अडीच मीटर रुंद असतो. भरलेला आणि रिकामा समोरासमोर आले की एकाला साईडपट्टीवर उतरावं लागतं, आणि साईडपट्टी म्हणजे आमच्या ओट्यांच्या पायऱ्या. माझ्या घराची खालची पायरी दोनदा तुटली. तिसऱ्यांदा मी ती बांधलीच नाही, दगड टाकून ठेवलाय.

आता आकडे. मला हिशेबाची खोड आहे, कीमनच्या वहीची सवय.

माघातल्या एका सोमवारी धक्का झाडून रिकामा होता. त्या दिवसापासून रेक भरून सुटेपर्यंत आणि धक्का पुन्हा रिकामा होईपर्यंत आम्ही फेऱ्या मोजल्या. दिवसा शाळेतली दोन पोरं आणि माझी बायको, रात्री मी. भरलेल्या फेऱ्या झाल्या १३८. सगळे डंपर दहाचाकी.

रेकचं वजन मला कुणी कागद दाखवून सांगितलं नाही, पण त्याची गरज नव्हती. वाघिणीच्या अंगावर भारक्षमता रंगवलेली असते. एका वाघिणीला ६० टन धरले, म्हणजे कमीच धरले, तरी ५८ वाघिणींचे ३,४८० टन झाले. जाता जाता एक सांगतो. खडीची वाघीण काठापर्यंत भरलेली कधी दिसणार नाही. लोकांना वाटतं ठेकेदाराने रिकामी सोडली. तसं नाही. काळा दगड इतका जड की दोन-तृतीयांश भरली की वजन पुरं होतं. त्याच्या वर गेलं तर रेल्वे दंड लावते. काट्यावर वाघीण-वाघीण तोलली जाते.

३,४८० भागिले १३८. एका फेरीत सव्वापंचवीस टन.

दहाचाकी गाडीला गाडीच्या स्वतःच्या वजनासकट साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे. २०१८ साली वाढवून दिली तेव्हापासून. त्याआधी २५ होती. गाडीचंच वजन दहा-अकरा टन. म्हणजे माल भरायचा साडेसतरा-अठरा टन, चार ब्रासच्या आसपास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). भरतात पाच-साडेपाच. रस्त्याचं नुकसान वजनाच्या साध्या पटीत वाढत नाही, चौथ्या घाताने वाढतं, हे रस्त्याचे इंजिनियर पहिल्या वर्षाला शिकतात. वजन सव्वापट झालं की रस्ता जवळपास अडीचपट झिजतो. आमच्या रस्त्यावर मारुतीच्या देवळापाशी डांबराची जी लाट उठलीय, तिच्यावरून एसटी जाताना आता आतली माणसं आपोआप दांडी धरतात.

मला गंमत वाटते ती ही, की वाघीण एक टन जास्त भरली तर रेल्वेला कळतं, दंड बसतो, पावती फाटते. तीच खडी अर्ध्या तासापूर्वी सात टन जास्त भरून पावणेचार मीटरच्या गावरस्त्यावरून आली, ते कुणाच्याच काट्यावर दिसत नाही. पोलादी रुळाची काळजी घ्यायला यंत्रणा आहे. डांबराच्या पातळ थराची आणि त्याच्या कडेला झोपलेल्या माणसांची नाही.

खनिकर्म पाहणाऱ्या साहेबांनी तर हा भागाकार माझ्यापेक्षा जास्त मन लावून करायला हवा. ब्रास म्हणजे साडेचार टन धरला तर या एका रेकमध्ये पावणेआठशे ब्रास खडी गेली. २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, आहे. डंपरमागे चार ब्रासचा वाहतूक पास निघत असेल तर १३८ फेऱ्यांचे ५५२ ब्रास होतात. उरलेले सव्वादोनशे ब्रास कुठल्या पासवर गेले? मी कुणावर आरोप करत नाही. पास किती ब्रासचे निघाले ते तुमच्या संगणकात आहे, रेकचं वजन रेल्वेच्या पावतीवर आहे. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवायला किती वेळ लागतो?

आता रात्रीचं. या पत्राचं मूळ कारण तेच आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर तोडगाही त्यातच आहे.

धक्क्यावर रेक लागला की भरायला ठरावीक तास मिळतात. ते उलटले की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, वाघिणीमागे आणि तासामागे. ५८ वाघिणींचं डेमरेज म्हणजे ठेकेदाराचा नफा धुऊन निघतो. म्हणून तो जीव तोडून भरतो. आमचा धक्का लहान. निम्मी खडी आधी आणून ढीग घालता येते, बाकीची रेक लागल्यावर ताजी आणावी लागते. रिकामा रेक दिवसा आणायला मोकळी वाट मिळत नाही, कारण दिवसा प्रवासी गाड्या. मग गाड्यांची ये-जा ठरवणारं कंट्रोल तो रात्री अकराला, बाराला आणून लावतं. घड्याळ तिथून सुरू होतं. लोडर सुरू होतात, खाणीवर फोन जातो आणि डंपर सुटतात. रेक किती वाजता लावायचा हे दूरच्या एका खोलीत ठरतं, आणि त्यावर आमच्या तीनशे घरांची झोप ठरते.

एका रात्री मी दहा ते चार ओट्यावर बसलो. भरलेले ४४ गेले, रिकामे ४३ आले. दर चार मिनिटांनी एक. भरलेल्याचा आवाज जमिनीतून येतो, तो सहन होतो. रिकामा वाईट. त्याचा पत्रा खड्ड्यात आपटतो तेव्हा तोफ उडाल्यासारखं होतं. पाळण्यातली पोरं दचकून उठतात. आवाजाच्या नियमात वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत. तो नियम २००० सालचा आहे. आमच्याकडे मोजायचं यंत्र नाही. पण शेजारच्या काकू तीन वर्षं ऐकू येत नाही म्हणून तक्रार करायच्या, त्या परवा म्हणाल्या, "मेलं, हे मात्र ऐकू येतं."

फाटकाविषयी लिहिताना माझ्यातला कीमन जागा होतो, तेव्हा थोडं जास्त लिहितो.

धक्क्याला जायच्या आधी डंपर फाटक ओलांडतात. फाटकात रुळाला लागून आतल्या बाजूने दुसरा रूळ टाकलेला असतो, त्याला आम्ही चेकरेल म्हणतो. दोहोंच्या मध्ये दोन-सव्वादोन इंचांची फट. चाकाची आतली कड त्या फटीतून जाते. ती फट मोकळी असलीच पाहिजे, यात माफी नाही. डंपर फाटकात रुळावर आदळतो, मागच्या झडपेतून खडी सांडते आणि नेमकी त्या फटीत जाऊन बसते. वीस एमएमचा खडा त्या फटीसाठीच पाडलाय असं वाटावं. वरून दुसरा डंपर गेला की तो ठोकून घट्ट होतो. असे खडे एकावर एक दबत गेले तर चाक वर उचललं जाऊ शकतं. नोकरीत असताना आम्ही ही फट काडी घालून तपासायचो.

फाल्गुनातल्या एका सकाळी, रात्रीचा रेक सुटल्यावर, मी सहज फाटकाशी गेलो. गेटमन वाकून वाकड्या सळईने फट उकरत होता. रात्रभर गेट उघडझाप करून त्याचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "दे इकडे." दोघांनी मिळून दोन्ही बाजूंची फट साफ केली. दोन ओंजळी खडी निघाली, वरून मूठभर कच. ओंजळी मी धोतराच्या सोग्यात घेऊन घरी आणल्या. त्या ओट्यावर तांब्याच्या घंगाळात ठेवल्यात, अजून आहेत. एकटा गेटमन रात्रीत ८७ डंपर, वर गाड्या, वर ही फट, असं किती सांभाळणार? तो चुकला तर चौकशी त्याची होईल, खडी सांडणाऱ्याची नाही. हे मी चोवीस वर्षांच्या अनुभवावरून लिहून देतो.

बाकी गाऱ्हाणी थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणजे लहान आहेत म्हणून नव्हे.

आमची सून पोषण आहाराच्या कामाला स्कूटरवरून जाते. वडाच्या वळणावर सांडलेल्या खडीवरून चाक सरकलं आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. भाकरी थापायचा उजवा हात. त्या वळणावर तिच्याआधी दोघे पडले होते, तिच्यानंतर एक.

धूळ. आमच्याकडे भात निघालं की त्याच वाफ्यांत उरलेल्या ओलीवर वाल होतो. जानेवारीत शेंगा भरतात आणि घरोघर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, लागते. यंदा रस्त्याकडेच्या वाफ्यांतला वाल फुलोऱ्यातच पांढरा पडला होता. रोग नव्हता, खडीची भुकटी होती. शेंगा आल्या त्या निम्म्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायच्या आधी शेंगा तीन पाण्यांनी धुतल्या, तरी खाताना दाताखाली कचकच. मुंबईहून आलेला जावई भिडस्त, काही बोलला नाही, पण ताटात निम्म्या शेंगा तशाच राहिल्या. धक्क्याजवळच्या कलमांना मोहोर धरला तो काळवंडला. किती गळला ते मोजायचं शास्त्र माझ्याकडे नाही, म्हणून तो आकडा देत नाही.

लाईनीसाठी आमची अकरा गुंठे भातजमीन गेली. वडिलांनी सही केली तेव्हा म्हणाले होते, गाडी आली तर पोरं मुंबईहून जेवायच्या वेळेला घरी येतील. गाडी आली, पोरंही येतात. आम्ही त्या सौद्यावर कधी रडलो नाही. हा दुसरा सौदा मात्र आम्ही केलेला नाही.

आणि एक गोष्ट, जी न लिहिता पत्र पाठवलं तर अप्रामाणिकपणा होईल. आमच्याच गावातले तिघे या डंपरांवर ड्रायव्हर आहेत. धक्क्यापाशी दोन टपऱ्या चालतात, त्यातली एक माझ्या पुतण्याची. मोजणी चालू असताना तो मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही फेऱ्या मोजताय का माझे चहा?" ड्रायव्हर पोरं सांगतात, फेरीवर पैसे मिळतात, रात्री जागून बारा फेऱ्या मारल्या तर घर चालतं. कमी भरा, हळू चालवा म्हणणं सोपं आहे, पण फेरीचा दर कुणी वाढवणार नाही. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. म्हणूनच आमची एकही मागणी "खडी बंद करा" अशी नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही ठराव केला आणि तिन्ही ठिकाणी पाठवला. उत्तरं आली, हे मान्य करतो. एकाने कळवलं की रेल्वेच्या हद्दीबाहेरच्या वाहतुकीशी आमचा संबंध नाही. दुसऱ्याने कळवलं की लोडिंगची वेळ रेल्वेच्या हद्दीत ठरते, ती आमच्या अखत्यारीत नाही. ठेकेदाराच्या माणसाने तोंडी सांगितलं की आमचे सगळे पास आणि परवाने बरोबर आहेत. तिघेही आपापल्या जागी खरं बोलतायत. तिघांच्या खरेपणाच्या मधल्या जागेतून डंपर जातात.

तर मागण्या.

सगळ्यात आधी घड्याळ. दिवसा रेक आणायला वाट नसते हे मला ठाऊक आहे, ते समजावून सांगायची तसदी घेऊ नका. रिकामा रेक रात्री येऊन लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभा राहू दे. फक्त भरण्याचे तास सकाळी सहाला सुरू झाले असं धरा, आणि रात्री दहा ते सहा हा वेळ डेमरेजमधून वगळा. एवढ्या एका दुरुस्तीने ठेकेदाराची घाई संपते, ड्रायव्हरची झोप होते आणि आमचीही. वाघिणी आठ तास जास्त अडकतील, त्याची रेल्वेला किंमत आहे, हेही समजतं. पूर्ण रेक अडकवणं परवडत नसेल तर वीस वाघिणींचा छोटा रेक लावा. तेवढी खडी आमच्या धक्क्यावर आधीच ढीग घालून ठेवता येते, रात्री एकही डंपर लागत नाही. पण वाघिणी अडकू नयेत म्हणून ती किंमत आज आम्ही भरतोय, आणि आम्हाला तिची पावतीही मिळत नाही.

दुसरी मागणी वजनाची. खाणीच्या दारात काटा, प्रत्येक फेरीची चिठ्ठी, आणि रेक सुटला की चिठ्ठ्यांची बेरीज रेल्वेच्या वजनाशी जुळवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. कायद्याप्रमाणे भरलं तर फेऱ्या १३८ वरून दोनशेच्या घरात जातील, याची आम्हाला कल्पना आहे. जाऊ देत. दिवसा, झाकून, सावकाश गेल्या तर आमची हरकत नाही, आणि ड्रायव्हर पोरांना चार फेऱ्या जास्तच मिळतील.

फाटकावर रेकच्या दिवशी ठेकेदाराच्या खर्चाने दोन माणसं, खराटा आणि सळई घेऊन. फट साफ झाल्याची नोंद गेटच्या वहीत, प्रत्येक गाडीआधी. ही मागणी गावाची कमी आणि प्रवाशांची जास्त आहे. यावर चर्चा नको, उद्यापासून करा.

डंपरवर ताडपत्री, मागची झडप घट्ट, धक्क्यावर पाण्याचा फवारा. हे तुमच्याच अटींमध्ये लिहिलेलं असतं, आम्ही फक्त आठवण करून देतोय. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास वाहतूक थांबवा.

आणि रस्ता. लाईन टाकताना रुळांच्या कडेने सामान आणणाऱ्या ट्रकांसाठी एक कच्ची वाट केली होती. ती अजून आहे, करवंदीत बुडालीय. मी तिच्या कडेने चोवीस वर्षं चाललोय. खाणीकडच्या ओढ्यापासून धक्क्यापर्यंत ती वापरली तर गाव पूर्ण टळतं. एक मोरी नवी बांधावी लागेल, दोन रुंद कराव्या लागतील. खनिजावर स्वामित्वधनाशिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी वेगळी रक्कम घेतली जाते, ती खाणींमुळे त्रास होणाऱ्या गावांसाठीच असते. आमच्याहून जवळचं त्रासलेलं गाव शोधायला लांब जावं लागेल. ती वाट होईपर्यंत पावसाळ्याचे चार महिने या रस्त्यावरून खडी नको. ओल्या साईडपट्टीवर डंपर उतरला तर ओट्यावर येईल.

लांबचं बोलायचं तर रेक वाढवण्याआधी रूळच खाणीच्या जवळ न्या, नाहीतर खाणीपासून धक्क्यापर्यंत खडी वाहणारा सरकता पट्टा टाका. २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनलच्या धोरणात खासगी जागेवरही टर्मिनल बांधायला मुभा आहे. ज्यांना महिन्याला आठ-आठ रेक भरायचेत त्यांनी तेवढा खर्च करावा. आमचा लहान धक्का भात आणि खतं उतरवायला बांधला होता, तो मोठ्या धंद्याला फुकटात मिळालेलं अंगण नव्हे.

दिव्यांचे खांब अजून धक्क्यावर आडवे पडलेत. ते उभे करायच्या आधी तुम्हा तिघांपैकी एकेका जबाबदार माणसाने एका रात्री आमच्याकडे यावं, एवढी विनंती आहे. तिघांनी एकाच रात्री. रेक कधी लागणार ते रेल्वेला आधी कळतं, आम्हाला डंपरच्या आवाजावरून कळतं, तेव्हा दिवस तुम्हीच कळवा. गाडी स्टेशनवर लावा आणि गावातून चालत या, वडाच्या वळणावर जरा जपून. ओट्यावर खुर्च्या मांडून ठेवतो. वही आहे, पेन आहे, भरलेल्यांसाठी एक रकाना आणि रिकाम्यांसाठी एक.

आपला,
एक निवृत्त कीमन